लेकीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय, डोकं चालेनासं झालंय

कोरांटी

नमस्कार मंडळी. लेक यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जातेय. लॅपटॉप घ्यायचा आहे. घरात दोन आठवडे काथ्याकूट चाललाय आणि निष्पन्न शून्य.

लेकीला मॅकबुक हवंय (मैत्रिणीकडे आहे, एवढंच कारण मला तरी दिसतं). दीर म्हणतात डेस्कटॉप घ्या, तेवढ्याच पैशांत दणदणीत मशीन येतं. दुकानात गेलो तर विक्रेत्याने थेट गेमिंग लॅपटॉपपुढे नेऊन उभं केलं. "मॅडम, इंजिनिअरिंग म्हटलं की ग्राफिक्स कार्ड लागणारच. एकदा घेतला की चार वर्षं बघायला नको." कीबोर्डखालून लाल-निळे दिवे लुकलुकत होते. उचलून पाहिला तर मनगट दुखलं. नवरा म्हणतो तुला पटेल तो घे, म्हणजे उद्या बिघडला की हा बोलायला मोकळा.

माझं ज्ञान ऑफिसातल्या एक्सेलपुरतं. आय-फाइव्ह, आय-सेव्हन, रायझन, आठ जीबी, सोळा जीबी, नुसते आकडे ऐकून भोवळ आलीये. बजेट मध्यम. गेमिंगवाला घेतला तर ओढाताण होईल, पण अगदी हात आखडायचा असंही नाही. कुणीतरी समजेल अशा भाषेत सांगा.

फटकळ

सोळा जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी. बाकी सगळं गौण. धागा बंद करा.

काठावरपास

+१, पण धागा बंद नका करू. भाचा कॉमर्सला जातोय, आमच्याकडेही हाच गोंधळ. बसलोय वाचत.

पानापकड

कोरांटीताई, मी वीसेक वर्षं लॅपटॉप दुरुस्तीत आहे. काय घ्यावं हे सांगण्याआधी माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो, त्यावरून तुम्हीच ताडा.

कॉलेजच्या पोरांचे लॅपटॉप येतात ते तीन-चार कारणांनी. बिजागरी तुटली. कीबोर्डवर पाणी सांडलं. बॅटरी फुगली. आणि "फार स्लो झालाय हो". प्रोसेसर (गणितं करणारी मुख्य चिप, तेच तुमचं आय-फाइव्ह, रायझन वगैरे) कमी पडतो म्हणून आणलाय असं म्हणणारं गिऱ्हाईक मला आठवत नाही. स्लो झालेला उघडून बघावं तर प्रोसेसर निवांत बसलेला असतो आणि रॅम (उघडलेली कामं तात्पुरती मांडून ठेवायची जागा) गळ्यापर्यंत भरलेली असते.

रॅम कमी पडली तर मशीन बंद पडत नाही, नुसतं दमतं. जागा संपली की विंडोज रॅममधला काही भाग उचलून एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कवर, ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमपुढे ती बैलगाडीच. म्हणून ब्राउजरचे पंधरा टॅब, एक व्हिडिओ लेक्चर आणि वर्ड एवढं उघडलं की आठ जीबीवाला धापा टाकायला लागतो. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्याच्या कामासाठी याच रॅममधून वाटा जातो, म्हणजे आठातले आठही तुमचे नाहीत. तेव्हा फटकळरावांचं सोळा बरोबर आहे. सांगायची पद्धत सोडा.

आता दुसरी गोष्ट. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही, मीच काय सहसा कुणीही वाढवू शकत नाही. दुकानात चालू मशीनवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली बारीक अक्षरांत 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. तिथे 'वन ऑफ टू' दिसलं तर एक खण मोकळा असण्याची शक्यता चांगली, मग मॉडेलच्या माहितीपत्रकात खात्री करून घ्यायची. झाळलेली असेल तर आत्ताच सोळा घ्या, "आठ घेऊन पुढे वाढवू" हा विषय तिथेच संपतो.

बिजागरीबद्दल. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकात ठोकलेल्या इवल्याशा पितळी नटांत बसलेले असतात. बिजागरी घट्ट, प्लास्टिक मऊ. पोरं एका कोपऱ्याला धरून झाकण उघडतात, सगळा पीळ एकाच बाजूच्या नटांवर येतो आणि वर्षा-दीड वर्षात ते प्लास्टिकसकट उखडतात. मग झाकण उघडताना कोपऱ्यातून 'कट्' असा आवाज यायला लागतो. आवाज आला की लगेच आणा म्हणून सांगतो, आणतात मात्र पडदा फुटल्यावर. दुकानात झाकण मधोमध धरून एका हाताने उघडून बघा. मग पडद्याच्या कोपऱ्याला हलका पीळ द्या. कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबा. खोलगट होत असेल तर पुढे चला.

आता माझे प्रश्न. कॉलेजने सॉफ्टवेअरची यादी दिलीये का? लेक वसतिगृहात राहणार की घरून जाणार? दिवसभर पाठीवर वागवायचाय का? हे सांगा, मग आय-फाइव्ह का आय-सेव्हन बघू.

निमसफरचंद

मॅक नुसतं मैत्रिणीकडे आहे म्हणून मागतात असं नसतं हो. माझं एम-वन चिपवालं मॅकबुक एअर २०२० सालचं. अजून रोज वापरतो. त्याला पंखाच नाही, त्यामुळे आवाज शून्य. सकाळी चार्जर घरी ठेवून निघतो. लेकीला विचारा तरी नेमकं काय आवडलंय.

फटकळ

आणि रॅम वाढवायची झाली तर? देवाचा धावा?

निमसफरचंद

वाढवता येत नाही, मान्य. पण ऑक्टोबर २०२४ पासून एअर सोळा जीबीपासूनच सुरू होतं, त्यामुळे आठवाल्यांची रडगाणी आता जुनी झाली. (वापरलेलं घेणार असाल तर मात्र आठवालं गळ्यात मारतील, जपून.)

बॅकलॉगवाला

मी मेकॅनिकल तिसऱ्या वर्षाला आहे. काकू म्हणतोय, राग नसावा.

काकू, पहिल्या वर्षी लॅपटॉपवर मी काय केलं ते खरं खरं सांगू? पीडीएफ वाचल्या, असाइनमेंट टाइप केल्या, थोडं सी, थोडं पायथन, आणि भरपूर व्हिडिओ (सगळे अभ्यासाचे नव्हते). ऑटोकॅड उघडलं ते लॅबमध्ये. खरं काम दुसऱ्या वर्षी सॉलिडवर्क्स (यंत्रांचे पार्ट थ्रीडीत काढायचं सॉफ्टवेअर) आल्यावर सुरू झालं. त्याच्या अधिकृत गरजांमध्येच १६ जीबी रॅम लिहिलेली आहे.

माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चाळीसेक पार्टची गिअरबॉक्स असेंब्ली त्यावर केली. फिरवताना किंचित अडखळते, पण काम होतं. ॲन्सिसची (पार्टवर ताण किती येतो वगैरे गणितं करणारं सॉफ्टवेअर) विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती मेशच्या आकारावर, म्हणजे पार्टचे गणितासाठी किती तुकडे पाडायचे त्यावर, स्वतःच मर्यादा घालते, म्हणजे मशीन झोपेल एवढं मोठं गणित तिला देताच येत नाही. मोठं असेल ते लॅबच्या मशीनवर करतो.

रूममेटकडे गेमिंग लॅपटॉप आहे. पहिले दोन महिने रोज नेला. मग चार्जर जड म्हणून चार्जर खोलीवर राहायला लागला. मग बॅटरी दुपारपर्यंतही पुरेना म्हणून लॅपटॉपच खोलीवर राहायला लागला. आता तो वर्गात माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावतो. एकदा लायब्ररीत त्याने काहीतरी रेंडर (थ्रीडी मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं) लावलं आणि पंखा असा सुटला की चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. गेम मात्र मस्त चालतात, ते नाकारत नाही.

मॅकचं म्हणाल तर सॉलिडवर्क्स, कॅटिया, ॲन्सिस हे तिन्ही मॅकवर नाहीत. ऑटोकॅड, फ्युजन, मॅटलॅब आहेत. मॅकवर आत दुसरं विंडोज चालवायच्या युक्त्या असतात, पण सबमिशनच्या आदल्या रात्री युक्त्या नको वाटतात. आमच्या वर्गात दोघांकडे मॅक आहे, दोघेही सॉलिडवर्क्सच्या तासाला लॅबचं मशीन मिळावं म्हणून लवकर येतात.

निमसफरचंद

मेकॅनिकलसाठी माघार घेतो. सिव्हिल-आर्किटेक्चरवाल्यांनीही रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स लागणार असेल तर मॅककडे बघू नका, दोन्ही फक्त विंडोजवर चालतात. भूगोलवाल्यांचं आर्कजीआयएस प्रो तसंच. पण कॉम्प्युटर सायन्स, भाषा, डिझाइन, संगीत यांच्यासाठी मी अजूनही मॅकच म्हणेन, भांडा माझ्याशी.

फटकळ

भांडत नाही, कंटाळा आलाय. एकच भर घालतो. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपवाले विंडोज लॅपटॉप मिळतात. बॅटरी मॅकच्या तोडीची, आवाज कमी. दुकानात "हेही विंडोजच" म्हणून देतील. खरंय, पण चिप एआरएम जातीची आहे, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी भाषा बोलणारी. साधी सॉफ्टवेअरं त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) मात्र तसे चालत नाहीत. लॅबमधलं जुनं उपकरण किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे बोर्ड जोडायला गेलात आणि त्यांचा एआरएमचा ड्रायव्हर नसला की बसा. इंजिनिअरिंगला नको. बीए-बीकॉमला खुशाल घ्या.

ग्रंथकीटक

सगळे रॅमच्या मागे लागलेत, पडद्याबद्दल कुणी बोलेना. चार वर्षं ज्याच्याकडे टक लावून बसायचं तो पडदा. रॅमकडे कोण बघतं?

माझा मुलगा इतिहासाला आहे. दिवसभर स्कॅन केलेली जुनी पुस्तकं वाचतो. त्याला घाईघाईत स्वस्तातला घेतला होता, १३६६ बाय ७६८ चा (पडद्यावर आडवे आणि उभे एवढे ठिपके). त्या पडद्यावर पान रुंदीला बसवलं की एका वेळी जेमतेम अर्धं दिसायचं, आणि पूर्ण पान बसवलं की तळटीपांचा मुंग्यांचा थवा व्हायचा. पोरगं सतत वर-खाली सरकवत वाचायचं. वर्षभरात चष्मा लागला. पडद्यामुळेच लागला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण आईला काय सांगणार!

आता १९२० बाय १२०० चा घेतलाय. हा पडदा नेहमीच्यापेक्षा थोडा उंच असतो, सोळास दहा प्रमाणाचा. वाचणाऱ्याला आणि कोड लिहिणाऱ्याला ठिपक्यांच्या त्या वरच्या १२० ओळींचं सुख फार. कमीत कमी १९२० बाय १०८० हवाच. उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. २५० निट्सचा पडदा खोलीत ठीक, खिडकीशी बसलं की आरशासारखा आपलाच चेहरा दाखवतो. ३०० च्या वरचा बघा, शक्यतो न चकाकणारा.

एक छुपी ओळ असते माहितीपत्रकात, '४५ टक्के एनटीएससी'. कानाला तांत्रिक वाटतं, अर्थ एवढाच की रंग फिके. लाल विटकरीकडे झुकतो. वाचायला चालतं. डिझाइन, फोटो, फॅशनवाल्यांनी ती ओळ दिसली की खाली ठेवावा, त्यांना 'शंभर टक्के एसआरजीबी' लिहिलेला हवा. दुकानात आपल्या फोनमधला एखादा ओळखीचा फोटो त्या लॅपटॉपवर उघडून शेजारी धरा. लगेच कळतं.

मास्तरीण

मी कॉलेजात शिकवते (मेकॅनिकल नाही). कोरांटी, एक विचारू? घाई कशासाठी? कॉलेज सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर घ्या. विभागाकडून यादी येते, सीनियर भेटतात, लॅब किती वेळ उघडी असते ते कळतं. आमच्याकडे दरवर्षी दहाएक मुलं पहिल्याच दिवशी नवंकोरं काहीतरी घेऊन येतात आणि महिन्याभराने "मॅडम, हे यात चालत नाही" म्हणून उभी राहतात.

दीरांच्या डेस्कटॉपला मी नावं ठेवणार नाही. पैशाला जास्त ताकद मिळते, दुरुस्ती सोपी, पंधरा इंचांत डोळे फोडावे लागत नाहीत. ॲनिमेशन करणारी माझी एक विद्यार्थिनी खोलीत डेस्कटॉप ठेवून कॉलेजला जुनाट लॅपटॉप आणायची, तिचं उत्तम चाललं. पण एकच यंत्र घ्यायचं असेल तर लॅपटॉपच. ग्रुप प्रोजेक्ट, सादरीकरण, तोंडी परीक्षेला "चालवून दाखव", हे सगळं डेस्कटॉपवर कसं करणार? काही परीक्षाही हल्ली स्वतःच्या लॅपटॉपवर असतात, कुलूपबंद ब्राउजरमधून. ते सहसा विंडोज आणि मॅकवर चालतात. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्या मुलांची तिथे पंचाईत होते, त्यांनी सोबत विंडोजही ठेवलेलं बरं.

रात्रपाळी

प्रोसेसरच्या नावांबद्दल लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

आय-फाइव्हपेक्षा आय-सेव्हन भारी असंच समीकरण नाही. शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जोरकस. उदाहरण द्यायचं तर इंटेलचा आय-सेव्हन १३५५यू यात दहा कोअर (चिपमधले काम करणारे गडी), त्यातले मोठे दोनच. आय-फाइव्ह १३५००एच यात बारा, त्यातले मोठे चार. सलग जड कामात तो आय-फाइव्ह या आय-सेव्हनला मागे टाकतो. पण बॅटरी जास्त खातो आणि तापतोही. म्हणजे नुसता मोठा आकडा बघून काही कळत नाही.

एएमडीची गंमत याहून भारी. रायझन फाइव्ह ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तीन नावं बघा. वाटतं एकाच घरातली भावंडं. पण या मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो. ७५२० मध्ये झेन-टू, ७५३० मध्ये झेन-थ्री, ७५४० मध्ये झेन-फोर. झेन-टू २०१९ ची रचना आहे आणि ७५२० बाजारात आला २०२२ मध्ये. सुरुवातीचा सात बघून लोक नवा समजून घेतात. त्यात ७५२०यू सोबतची रॅम झाळलेलीच असते. पहिल्या वर्षाला पुरेल हो, पण चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टला? त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी नावं पुन्हा बदलली, त्यामुळे पाठांतर करू नका. पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, घरी येऊन कंपनीच्या संकेतस्थळावर तो कधीचा आणि कोणत्या रचनेचा ते बघा. विक्रेता "आय-फाइव्ह आहे ना मॅडम" एवढ्यावर थांबला तर स्टिकर नाही, पूर्ण नंबर मागा.

शून्यावकाश

ग्राफिक्स कार्डाला सगळे झोडपताहेत, म्हणून दुसरी बाजू. ज्यांना खरंच लागतं ते म्हणजे थ्रीडी ॲनिमेशन, गेम बनवणारे, आर्किटेक्चरमध्ये रेंडर काढणारे, जड व्हिडिओ एडिटिंग. आणि मशीन लर्निंगवाले, म्हणजे मी. आमच्याकडे बहुतेक सगळं एनव्हिडियाच्या कुडावर (त्यांच्याच कार्डांवर गणितं चालवायची प्रणाली) चालतं, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेऊन बसलात की निम्मा वेळ ते चालवण्यातच जातो. पण पहिली दोन वर्षं मी गूगल कोलॅबच्या फुकट जीपीयूवरच (इंटरनेटवरून वापरायचं ग्राफिक्स कार्ड) काढली. शिकायला तेवढं पुरतं. मधेच तोडतात आणि जीव जातो, हे खरं.

घेणारच असाल तर कार्डाच्या नावाबरोबर वॅट बघा. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव, पण लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही देऊ शकतो. पातळ, देखण्या लॅपटॉपातलं ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपातलं ४०६० यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, डब्यावर मात्र तेच नाव.

काठावरपास

भाच्याचं काय? कॉमर्स. एक्सेल, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, बस्स. बजेट तुटपुंजं. कुणीतरी कंपनीतला वापरलेला लॅपटॉप देतोय.

पानापकड

काठावरपास, कंपन्यांसाठी बनवलेल्या मालिकेतला असेल (थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वगैरे) तर मी स्वतः नव्या तकलादूपेक्षा तो घेईन. बिजागरी धातूत बसवलेली असते, कीबोर्ड चांगला, सुटे भाग मिळतात. पण घेताना हे बघ.

विंडोज १० ची नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हा मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालायला हवं. इंटेल असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा.

मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करायचं (स्लॅश म्हणजे ती तिरकी रेघ). एक फाइल बनते, तिचा पत्ताही तिथेच दाखवतो. त्यात दोन आकडे बघ, 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी'. पहिला ५०,००० आणि दुसरा २४,००० असेल तर बॅटरी निम्म्यावर आलीये, नवीन बॅटरीची किंमत धरून भाव कर.

बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) पासवर्ड आहे का बघ. असेल आणि देणाऱ्याला माहीत नसेल तर हात जोडून परत दे. आणि विंडोज पुसून नव्याने सेटअप करताना इंटरनेट जोड. जुन्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला तर ते मशीन अजून त्यांच्या ताब्यात आहे. कंपनीकडून मोकळं करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

मास्तरीण

जाता जाता बॅकअपचं बोलते, कारण याच्या पायी माझ्या केबिनमध्ये मुलं रडलेली आहेत. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा. सहा महिन्यांचं काम एकाच लॅपटॉपवर, दुसरी प्रत कुठेही नाही. बोर्ड गेला. डिस्क धडधाकट होती, पण त्यातलं काही वाचता येईना.

पानापकड

ते एनक्रिप्शन. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, सांगत-विचारत नाही. बोर्ड बदलला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण पोरांनी खातं कुठल्या ईमेलवर उघडलं, पासवर्ड काय, काही आठवत नसतं. कित्येकदा दुकानदारानेच भलत्या ईमेलवर सेटअप करून दिलेला असतो! ती की नसेल तर मीही काही करू शकत नाही. नवा लॅपटॉप घेतल्या दिवशी खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, ती की शोधा आणि कागदावर लिहून घरी ठेवा.

कोरांटी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. मास्तरीणबाईंचं ऐकून थांबले होते.

आधी लेकीला विचारलं, मॅकच का? मला वाटलं होतं रंग, थाटमाट असं काही निघेल. ती म्हणाली, "आई, मैत्रीण चार्जर घेऊन फिरत नाही. आणि तिच्या बॅगेत लॅपटॉप आहे हे कळतसुद्धा नाही." म्हणजे पोरीला हलका, मुका आणि दिवसभर टिकणारा लॅपटॉप हवा होता, आणि आम्ही दोन आठवडे कंपनीच्या नावावरून भांडत होतो. विभागाने यादी दिली, त्यात सॉलिडवर्क्स आहेच, त्यामुळे मॅकवर तिने स्वतःच काट मारली.

घेतला तो असा. वजन १.४ किलो. आय-फाइव्ह, एचवाला. रॅम १६ जीबी, एकाच खणात, दुसरा मोकळा (टास्क मॅनेजर मी स्वतः उघडला, विक्रेता बघतच राहिला). पडदा १९२० बाय १२००. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चार्जर फोनसारख्याच सी-टाइप पिनेचा, ६५ वॅटचा. बॅटरी ५७ वॅट-अवर. शेजारचा त्याच दिसण्याचा लॅपटॉप ४२ चा होता, फरक डब्यावरच्या बारीक अक्षरांत. दोन मॉडेलं बिजागरीच्या परीक्षेत नापास झाली. एकाचा कोपरा पिळल्यावर विक्रेता म्हणाला, "मॅडम, असं कुणी करतं का?" म्हटलं, माझी लेक रोज करेल.

रिकव्हरी की कपाटात, पासपोर्टच्या पाकिटात ठेवलीये. फक्त एक शंका. डिस्क ५१२ जीबी सांगितली होती, आत ४७६ दिसतेय. ३६ जीबी कुठे गेले? फसवलं का?

रात्रपाळी

नाही फसवलं. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार धरतं, म्हणजे १०७ कोटींच्या वर. डिस्क तीच, मोजपट्टी वेगळी. ५१२ चे ४७६ आणि एक टीबीचे ९३१ दिसतात, सगळ्यांनाच.

फटकळ

सोळा जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी. पहिला प्रतिसाद कुणाचा होता बरं?

कोरांटी

तुमचाच. पण तेवढ्यावर गेले असते तर कोपऱ्यातून 'कट्' वाजणारा घेऊन आले असते.